इनबॉक्सचे सहा गठ्ठे

चायनीज न्यू इयर जवळ आलं की आमच्या ऑफिसात सगळ्यांचे चेहरे जरा उजळतात. दिवाळीत नाही हां, दिवाळीत आपण सुट्टीवर असतो पण शांघाय आणि निंगबो ही चीनची बंदरं चालूच असतात, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला नैवेद्य दाखवता दाखवता फोनवर प्री-अलर्ट, म्हणजे निघालेल्या मालाच्या आगाऊ सूचना, पडत राहतात. पण जानेवारी-फेब्रुवारीतला तो आठवडा आला की तिकडचे एजंट, फॅक्टऱ्या, शिपिंग लाइनींची तिकडची ऑफिसं सगळी बंद, आणि एरवी सकाळी साडेसहालाच सुरू होणारा मेलांचा मारा थांबतो, कारण त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, आपण दूध तापवत असतो तेव्हा तिकडे लोक टेबलावर बसलेले असतात. त्या आठवड्यात आम्ही सगळे एकच गोष्ट ठरवतो, की यंदा इनबॉक्स आवरायचा.

मी नवी मुंबईत एका फ्रेट फॉरवर्डरकडे (दुसऱ्यांच्या मालाची ने-आण लावून देणारी कंपनी) इम्पोर्टच्या डेस्कवर आहे. म्हणजे चीन, कोरिया, युरोपातून न्हावा शेवाला जे कंटेनर येतात त्यांचे कागद वेळेत जुळवून आणायचं काम. कंटेनर आमच्या नजरेला क्वचितच पडतो, आम्ही बघतो ते मेल. आणि एका कंटेनरमागे किती माणसं असतात बघा, माल पाठवणारा, त्याचा तिकडचा एजंट, शिपिंग लाइन, लाइनचं इथलं ऑफिस, कस्टम्स ब्रोकर ज्याला सगळे अजून जुन्या नावाने ‘सीएचए’ म्हणतात, ट्रान्सपोर्टर, सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कंटेनरांचं गोदाम, माल मागवणारी कंपनी, तिचं परचेस वेगळं, अकाउंट्स वेगळं, आणि या सगळ्यांचे साहेब सीसीमध्ये. प्रत्येकजण रिप्लाय ऑल करणार. रिप्लाय ऑल केलं की आपल्या डोक्यावरचं ओझं दहा जणांत वाटलं जातं असा एक समज आहे, प्रत्यक्षात काय होतं तर दहाही जणांना वाटतं की बाकीचे नऊ बघतील.

मग दुपारी हॅम्बुर्ग आणि रॉटरडॅम उठतात, संध्याकाळी आपण निघायच्या बेतात असताना अमेरिका. त्यात ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ लिहून काहीच न जोडलेले मेल, ‘नोटेड विथ थँक्स’, त्यावर कुणाचं तरी ‘थँक्यू’, आणि ‘जेंटल रिमाइंडर’ ज्यात जेंटल काही नसतं. सब्जेक्टच्या जागी री, री, फॉरवर्ड, री, मग मोस्ट अर्जंट, आणि त्या अर्जंटच्या खाली काय आहे ते कळायला चार वेळा स्क्रोल.

आणि हे नुसतं वैतागण्यापुरतं असतं तर चाललं असतं, पण इथे प्रत्येक मेलला मीटर लावलेला असतो. जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा तपशील, भरायची असते, उशीर झाला की पहिले ३ दिवस रोजचे ५,००० रुपये आणि त्यापुढे रोजचे १०,०००. लाइनने दिलेले फ्री डेज, म्हणजे कंटेनर फुकट ठेवायचे दिवस, संपले की कंटेनरमागे डिटेन्शनचा आकार, तोही डॉलरमध्ये. त्यामुळे ‘बघितला नाही हो तुमचा मेल’ हे वाक्य आमच्याकडे फार महाग पडतं.

आता इनबॉक्स आवरणं म्हटलं की हल्ली कुणीतरी लगेच ‘इनबॉक्स झीरो’ म्हणतं. हे प्रकरण मर्लिन मान नावाच्या अमेरिकन माणसाचं, त्याने २००७ मध्ये गूगलमध्ये त्यावर भाषण दिलं आणि ते जगभर पसरलं. गंमत म्हणजे त्याचा झीरो हा मेलांच्या आकड्याचा नव्हताच, आपलं डोकं त्या इनबॉक्समध्ये किती अडकून राहतं त्याचा होता. पण लोकांनी सोयीचा अर्थ घेतला, आणि आता ऑफिसात संध्याकाळी रिकाम्या स्क्रीनचा फोटो स्टेटसला टाकणारे लोक आहेत. मला या लोकांबद्दल आधीपासूनच जरा शंका होती.

दुसरी जमात फोल्डरवाल्यांची. आमच्याकडे एक सिनियर सर आहेत, त्यांच्या आउटलुकमध्ये डाव्या बाजूला जे झाड आहे ते संपतच नाही, प्रत्येक क्लायंटचा फोल्डर, त्यात सी आणि एअर वेगळं, त्यात वर्षं, त्यात महिने. रोज तासभर ते मेल ओढून ओढून घरी पोचवतात. आणि एवढं करून एखादा जुना मेल हवा असला की म्हणतात, अगं तू सर्च मारून बघ ना तुझ्याकडे.

ते बरोबरच म्हणतात खरं तर. २०११ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी या गोष्टीचा अभ्यास केला होता, ३४५ लोक, आणि त्यांनी जुना मेल पुन्हा शोधल्याचे ८५,००० च्या वर प्रसंग तपासले. फोल्डरातून शोधायला सरासरी ५८ सेकंद, सर्च करून १७. आणि फोल्डर नीट लावणाऱ्यांना मेल सापडण्यात काही फायदा झाला असं दिसलं नाही, लावण्यात गेला तो वेळ वर. मी हे सरांना सांगितलेलं नाही, रिटायरमेंटला थोडीच वर्षं राहिली आहेत त्यांची.

पण सर्चने फक्त ‘कुठे आहे’ हा प्रश्न सुटतो. आमच्या डेस्कवरचा खरा प्रश्न तो नसतोच. सकाळी नऊ वाजता स्क्रीनवर जे पसरलेलं असतं त्यातलं आत्ता मी काय करायचंय, आणि काय दुसऱ्याने करायचंय पण त्याने केलं की नाही ते मी बघायचंय, हे सर्चला विचारता येत नाही. वाचलेला मेल ठळक अक्षरातून साध्या अक्षरात जातो, बास, एवढंच त्या सॉफ्टवेअरला माहीत. वाचला म्हणजे झालं का? मग आम्ही वाचलेला मेल परत अनरीड करून ठेवतो, लाल झेंडे लावतो, आणि काही दिवसांत सगळ्याच मेलांना झेंडे लागतात, पंधरा ऑगस्टसारखे.

यावरचा इलाज मला कुठल्या ॲपने दिला नाही, अण्णांनी दिला. अण्णा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झाले. कॉम्प्युटरशी त्यांचं नातं नातवाचे फोटो बघण्यापुरतं. एकदा माझं घरून काम चालू असताना ते चहा घेऊन शेजारी येऊन बसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ स्क्रीन वाचत राहिले.

“यातलं तुझं कुठलं?”

म्हटलं सगळंच माझं, माझा इनबॉक्स आहे.

“अगं सगळं तुझं कसं असंल? तुझ्याकडनं जायचंय ते एक आणि दुसऱ्याकडनं यायचंय ते एक. तुझे गठ्ठे कुठायत?”

आणि मग बोटांवर मोजत त्यांनी मला सहा गठ्ठे सांगितले, जे महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कारकुनाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतात. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायची, आणि ‘ड’ वर्गाची नष्ट करायची. टेबलावर आलेला कुठलाही कागद या सहापैकी एकात गेलाच पाहिजे, सातवा ढीग नाही.

आता सातबाऱ्याच्या नोंदीसाठी ज्यांनी खेटे घातलेत त्यांना हे ऐकून हसू येईल हे मला माहीत आहे. पद्धत कागदावर किती छान आहे आणि टेबलावर ती किती पाळली जाते यात अंतर असतंच, अण्णा स्वतःच त्याचे एकेक किस्से सांगतात. पण म्हणून पद्धत वाईट ठरत नाही. १९८० च्या दशकात नगरचे कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली दप्तराची आणि बसण्याची सगळी व्यवस्थाच नव्याने लावली, त्याला अजून लखिना पॅटर्न म्हणतात. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झीरो पेन्डन्सी अँड डेली डिस्पोजल’ची मोहीम राबवली, तेव्हा आधी काय करायला लावलं तर सगळ्या ऑफिसांना आपापले कागद लावायला. त्यांचा झीरोसुद्धा बघा, कपाट रिकामं करायचा नव्हता, काम शिल्लक न ठेवण्याचा होता. प्रलंबितचा गठ्ठा शून्य. बाकी पाच असणारच की.

मी त्याच आठवड्यात आउटलुकमध्ये सहा फोल्डर केले. क्लायंटच्या नावाचा एकही नाही.

पहिला, प्रलंबित, म्हणजे ज्यात माझ्या हातून काहीतरी जायचं आहे. चेकलिस्ट तपासून अप्रूव्ह करायची आहे, इन्व्हॉइसमधला एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा कस्टम्ससाठीचा नंबर) चुकलाय किंवा पॅकिंग लिस्टचं वजन जुळत नाही ते कळवायचं आहे, ट्रान्सपोर्टरला गाडी लावायची आहे. इथे मी एक कडक नियम केला की मेल या फोल्डरात जाताना त्याच्यावर काय करायचंय हे कॅटेगरीत दोन शब्दांत लिहायचं, नाहीतर तो परत उघडावा लागतो आणि परत पहिल्यापासून वाचावा लागतो. एका मेलवर विचार एकदाच करायचा, दुसऱ्यांदा फक्त हात चालवायचे.

पण खरा जीव आहे तो दुसऱ्या गठ्ठ्यात, आणि हाच गठ्ठा मेलची बहुतेक सॉफ्टवेअरं तुम्हाला आपण होऊन करून देत नाहीत. प्रतीक्षाधीन. माझं करून झालं, आता बॉल दुसऱ्याच्या कोर्टात आहे, पण मॅच माझीच आहे. तुम्ही मेल पाठवला की तो जातो सेंटमध्ये, आणि सेंट ही अशी जागा आहे जिथे कुणी सहज म्हणून फिरकत नाही. उत्तर आलं तर इनबॉक्समध्ये दिसतं. न आलेलं उत्तर कुठे दिसणार?

आमच्या धंद्यात हे कसं अंगाशी येतं ते सांगते. ओरिजनल बिल ऑफ लेडिंग (बीएल, म्हणजे ज्या कागदावर माल ताब्यात मिळतो तो) कुरियरने मागवत बसायला वेळ नसतो, म्हणून माल पाठवणारा तिकडेच ते लाइनकडे सरेंडर करतो आणि लाइनचं तिकडचं ऑफिस इकडे कळवतं की द्या माल. याला सगळे अजून टेलेक्स म्हणतात, टेलेक्सचं यंत्र न बघितलेली बावीस वर्षांची पोरंसुद्धा दिवसभर ‘टेलेक्स आला का’ विचारत असतात. तर ओळखीतल्या एका ऑफिसात एका मुलाने गुरुवारी तिकडच्या एजंटला मेल टाकला की टेलेक्स कन्फर्म करा. तिकडचा माणूस नेमका रजेवर. शुक्रवार गेला. शनिवार-रविवार चीन बंद. सोमवारी फ्री डेज संपले, डीओ (माल सोडायचा लाइनचा आदेश) मिळेपर्यंत बुधवार उजाडला, आणि तीन कंटेनरचं डिटेन्शनचं बिल आलं. चौकशी झाली तेव्हा त्या मुलाने लॅपटॉप उघडून दाखवला, आलेल्या प्रत्येक मेलला त्याने त्याच दिवशी उत्तर दिलेलं होतं, एकही बाकी नाही. इनबॉक्स रिकामा. आणि ते खरंच होतं, त्याला काय बोलणार?

मी आता काय करते, ज्या मेलचं उत्तर यायलाच हवं तो पाठवताना सीसीत स्वतःचा पत्ता टाकते, आणि रूल असा लावलाय की माझ्याकडूनच मला आलेला मेल थेट प्रतीक्षाधीनमध्ये. उत्तर आलं की तिथला मेल काढायचा. एवढंच. बाकी कुठलं ॲप नाही की विकतचा प्लगइन नाही.

आणि या फोल्डरचं स्वतःचं वेळापत्रक आहे, हे मला नंतर कळत गेलं. चीनच्या माणसाला टोचायचं तर दुपारी तीनच्या आत, कारण आपले साडेतीन म्हणजे त्यांचे सहा. युरोपवाल्यांना जेवणानंतर, त्याआधी तिकडे कुणी नसतं. इथल्या लाइनच्या ऑफिसला सकाळी, कारण संध्याकाळी त्यांची खिडकी आणि त्यांचा मूड दोन्ही बंद. गुरुवारी दुपारी हा फोल्डर मी वरपासून खालपर्यंत वाचते, शुक्रवारी नाही, शुक्रवारी विचारलेल्याचं उत्तर सोमवारीच येतं. अण्णांच्या कचेरीत याला साप्ताहिक गोषवारा म्हणत, मागची शिल्लक किती, या आठवड्यात आले किती, निकाली किती, राहिले किती आणि जे राहिले ते किती जुने. शेवटचा रकाना महत्त्वाचा. ‘किती’ विचारणारे साहेब बरेच असतात, ‘किती दिवसांचं’ विचारणारा साहेब आला की सगळी कचेरी सरळ होते असं अण्णा म्हणतात.

तिसरा आणि चौथा गठ्ठा पटकन सांगते. नियतकालिके म्हणजे ठरावीक वेळाने येणारं आणि द्यावं लागणारं, आमच्याकडे आठवड्याचा एमआयएस म्हणजे साहेबांना जाणारा आकड्यांचा अहवाल, लाइनींच्या रेट शीट, क्लायंटला जाणारा स्टेटस रिपोर्ट. स्थायी आदेश म्हणजे कस्टम्सच्या नोटिफिकेशन्स, कुठल्या क्लायंटला कुठल्या लाइनकडे किती फ्री डेज मंजूर आहेत त्याचे मेल, क्लायंटच्या एसओपी, म्हणजे कामाच्या ठरवून दिलेल्या पद्धती. हे मेल कामाचे नसतात पण कामाच्या वेळी लागतात, आणि इनबॉक्समध्ये पडून राहिले की बरोबर त्या दिवशी सापडत नाहीत.

सापडण्यावरून आठवलं, सर्च १७ सेकंदांत सापडवतो हे खरं, पण शोधण्यासारखं काहीतरी त्या मेलमध्ये असलं पाहिजे ना. याबाबतीत आम्ही नशीबवान आहोत. जगातल्या प्रत्येक कंटेनरला चार अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असतो, चौथं अक्षर बहुतेक सगळीकडे यू, आणि शेवटचा आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणित करून काढलेला, त्यामुळे टाइप करताना एखादं अक्षर चुकलं तर सिस्टिमला लगेच कळतं. तो नंबर सर्चमध्ये टाकला की त्या डब्याचं सगळं आयुष्य समोर येतं. म्हणून आमच्या डेस्कवर सब्जेक्टमध्ये आधी बीएल नंबर, मग कंटेनर नंबर, मग जहाज आणि ईटीए (ते पोचायची अंदाजे तारीख), आणि मग काय ते तुमचं अर्जंट. पण लोक काय करतात, व्हॉट्सॲपवर आलेला बीएलचा तिरका फोटो मेलमध्ये चिकटवतात आणि खाली लिहितात ‘प्लीज चेक’. कुठून शोधायचा तो नंतर? फोटोच्या पोटात हात घालून?

अण्णांकडे हेच काम बारनिशी करायची. बाहेरून आलेलं प्रत्येक पत्र आधी बारनिशीत, तिथे शिक्का, आवक क्रमांक, तारीख, आणि कुठल्या टेबलाला गेलं त्याची नोंद. जाणाऱ्या पत्राला जावक क्रमांक. उत्तर लिहिताना वर संदर्भ म्हणून आधीच्या पत्रांचे क्रमांक आणि तारखा ओळीने. लोक या सरकारी पत्रांची टिंगल करतात, पण मेल आत उघडून बघितला तर तिथे अगदी हेच चाललेलं असतं, प्रत्येक मेलला मेसेज आयडी म्हणून एक वेगळा क्रमांक मिळतो, आणि तुम्ही रिप्लाय दाबला की ज्याला उत्तर देताय त्याचा आणि त्याच्याही आधीच्यांचे क्रमांक तुमच्या मेलच्या डोक्यावर लपून लिहिले जातात. त्यावरूनच थ्रेड बनतो. म्हणून कुणीतरी मार्चमधल्या कोरियाच्या शिपमेंटचा मेल उघडून त्यावर रिप्लाय दाबून जुलैच्या जर्मनीच्या शिपमेंटबद्दल लिहितो ना, तेव्हा बिचाऱ्या मशीनला वाटतं हे एकच प्रकरण. जीमेल निदान सब्जेक्ट बदलला किंवा थ्रेड १०० मेलांच्या पुढे गेला की नवीन थ्रेड तोडतं. पण सब्जेक्ट बदलायचे कष्ट कोण घेतो, नवीन मेल लिहायला सगळ्यांचे पत्ते परत टाकावे लागतात म्हणून तर जुना उघडलेला असतो.

आता सीसी. माझ्या मते ऑफिसच्या मेलमधला निम्मा गाळ सीसीचा आहे. फक्त सीसीत माझं नाव असलेले मेल मी एका रूलने बाजूला पाडते आणि दिवसातून दोनदा चाळते. हे पहिल्यांदा केलं तेव्हा साहेबांना पटलं नव्हतं, म्हणाले सीसीत टाकलं म्हणजे तुला बघायलाच टाकलंय ना. म्हटलं बघतेच आहे, पण करायचं कुणी? इथेही सरकारी पत्र आपल्यापेक्षा पुढे आहे. पत्राच्या शेवटी प्रती कुणाला गेल्या ते लिहिलेलं असतं, आणि नुसती नावं नसतात, एकाला ‘माहितीस्तव सविनय सादर’ आणि दुसऱ्याला ‘माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी’. ज्याच्या नावापुढे कार्यवाही, त्याने हलायचं. मेलच्या सीसीला हा फरकच कळत नाही, साहेब, शिकाऊ पोरगा आणि ज्याने खरोखर गाडी लावायची तो, सगळे एका ओळीत. म्हणून मी मेलची पहिलीच ओळ अशी लिहायला लागले की ॲक्शन कुणाची, कधीपर्यंत, आणि बाकी सगळ्यांना फक्त माहितीसाठी. सुरुवातीला लोकांना उद्धट वाटलं. एकदोघांनी बोलूनही दाखवलं. मग महिनाभराने तेच लोक तसं लिहायला लागले.

मेल दिवसातून किती वेळा बघायचा यावरही खूप बोललं जातं. २०१५ मध्ये कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १२४ लोकांवर प्रयोग झाला, एक आठवडा दिवसातून फक्त तीनदा मेल बघायचा आणि एक आठवडा हवा तेवढ्या वेळा, आणि तीनदावाल्या आठवड्यात लोकांचा ताण कमी निघाला. ताण कमी होईल यात शंकाच नाही. पण आमच्याकडे तीनदा बघितला तर माझा ताण कमी होऊन क्लायंटचा वाढेल, कारण कस्टम्सची क्वेरी आली की काही तासांत उत्तर लागतं. मग मी मधला मार्ग काढलाय, लाइनची अरायव्हल नोटीस आणि सीएचएचा क्वेरीचा मेल, एवढ्यांनाच आवाज. बाकी सगळे मुके. ‘थँक्यू’ला टिंग वाजायची काही गरज नाही.

राहिले शेवटचे दोन गठ्ठे, ठेवायचे आणि फेकायचे. सरकारी दप्तरात कागदाचे वर्ग असतात, अ म्हणजे कायम ठेवायचा, ब ३० वर्षं, क-१ म्हणजे १० वर्षं, क ५ वर्षं आणि ड एक वर्ष. आणि नष्ट केलेल्या कागदांची पण नोंदवही असते, म्हणजे काय फेकलं तेही लिहून. आमच्याकडेही कस्टम्स ब्रोकरला २०१८ च्या नियमांप्रमाणे कागदपत्रं किमान ५ वर्षं जपावी लागतात, त्यामुळे माल गेला, बिल निघालं, पैसे आले की त्या शिपमेंटचे सगळे मेल एका झटक्यात अभिलेखात. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, मग तुमचं सगळं ‘क’ वर्गाचं, आणि त्यांना त्यात उगाचच फार आनंद झाला.

ड वर्ग मात्र आपल्यातून हद्दपारच झालाय, आणि त्याची तारीखसुद्धा सांगता येते, १ एप्रिल २००४. त्या दिवशी गूगलने जीमेल आणलं आणि १ जीबी जागा फुकट दिली, तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. तारीख बघून लोकांना वाटलं एप्रिल फूल करतायत. तोपर्यंत मेल पुसावाच लागायचा, नाहीतर डबा भरून नवीन मेल परत जायचे. त्यानंतर पुसायची सवयच गेली. जागा असणं आणि ठेवण्यासारखं असणं या दोन गोष्टी आपण एकच धरल्या, आणि आज माझ्याकडे कुठल्यातरी वेअरहाउसच्या २०१६ च्या दसऱ्याच्या शुभेच्छा आहेत, सोन्याच्या पानांच्या चित्रासकट, ६ एमबी. आता मी शनिवारी निघायच्या आधी ड काढते. शुभेच्छा, वेबिनारची आमंत्रणं, नोटेड विथ थँक्स, लिफ्ट बंद असल्याचं ॲडमिनचं पत्र. वाचायचं नाही, विचार करायचा नाही, सिलेक्ट ऑल.

सध्या माझ्यात आणि अण्णांत एकाच मुद्द्यावर मतभेद आहेत. मी म्हणते, विचारलंय म्हणजे प्रतीक्षाधीन, उत्तर येईपर्यंत तो मेल तिथेच राहणार. अण्णा म्हणतात मुळीच नाही. एक स्मरणपत्र गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, तरी उत्तर नाही म्हणजे आता ते त्याच्याकडे प्रलंबित नाही, तुझ्याकडे प्रलंबित आहे, कारण तुझी विचारायची पद्धत बदलायची वेळ आलीय. त्यांच्या काळात मग साहेबांच्या सहीचं अर्धशासकीय पत्र निघायचं, नावानिशी, ‘प्रिय श्री.’ म्हणून. आमच्या साहेबांना प्रिय श्री लिहायला लावणं काही शक्य नाही. मग मी तिसऱ्या जेंटल रिमाइंडरनंतर सरळ फोन उचलते. निंगबोच्या एजंटकडच्या त्या बाईंचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही तोकडं, त्यामुळे ‘काइंडली’ आणि ‘ॲट द अर्लिएस्ट’ला जागाच नसते, मी बीएल नंबर सांगते, त्या म्हणतात वन मिनिट, आणि बऱ्याचदा फोन ठेवायच्या आत टेलेक्स येऊन पडलेला असतो. तरी गुरुवारच्या गोषवाऱ्यात तो मेल मी प्रतीक्षाधीनमधूनच निकाली दाखवते. अण्णांना मान्य नाही.